हातगुण

आमच्या खानदेशात एखादीच्या दारातली तुळस डेरेदार झाली किंवा परसातला वाल मांडवभर पसरला, की बायका म्हणतात, ‘हिच्या हाताला गुण आहे.’ माझ्याबद्दलही असं म्हणत. मी लावलेला मोगरा फुलायचा, कढीपत्ता वाढायचा. शाळेच्या आवारातली झाडंसुद्धा मुख्याध्यापक माझ्याच हातून लावून घेत. मीही ते खरं मानत होते. पुढे एका झाडाने मला दाखवून दिलं, की माझ्या हाताला गुणापेक्षा घाई जास्त आहे. त्या घाईत मी काय काय गमावलं, ते इथे जसं घडलं तसं सांगते. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणी हल्ली फुलपाखरांसाठी झाडं लावतात आणि नेमक्या माझ्याच वाटेने जाताना दिसतात, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

झाड हळदीकुंकवाचं. याला काकतुंडी असंही म्हणतात. गुडघाभर ते कमरेएवढं वाढणारं, अरुंद पानांचं, आणि टोकाला फुलांचे घोस. फुलाच्या खालच्या पाकळ्या शेंदरी-लाल आणि वरचा छोटा मुकुट पिवळाधमक, म्हणून हळदीकुंकू. मूळचं हे अमेरिकेच्या उष्ण भागातलं. कुरासाव बेटावरून त्याला ‘ॲस्क्लेपिअस कुरासाविका’ हे शास्त्रीय नाव पडलं. रुईच्याच कुळातलं असल्यामुळे पान तोडलं की पांढरा चीक येतो. एकदा रुजलं की काही वर्षं टिकतं, पण स्वभावाने नाजूक. मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही आणि कडाक्याची थंडी तर अजिबात सोसत नाही.

2015 मध्ये महाराष्ट्राने ‘ब्लू मॉर्मन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारं आपलं राज्य देशात पहिलं. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली, तेव्हा एका मुलीने विचारलं, ‘बाई, आपल्याकडे कोणकोणती फुलपाखरं आहेत?’ मला दोन नावंसुद्धा धड सांगता आली नाहीत. ते मनाला लागलं. पुढच्या पावसाळ्यात, 2016 च्या जुलैत, मी रोपवाटिकेतून हळदीकुंकवाची चार रोपं आणली.

पहिली चूक त्याच दिवशी झाली. नंदुरबारला आमचं घर गावाच्या कडेला आहे. कुंपणाच्या भिंतीलगत रुईचं एक जुनं झुडूप होतं. धुळीने माखलेलं, उकिरड्यावर उगवतं तसलं. बागेची शोभा जाते म्हणून गड्याकडून मी ते खणून काढायला लावलं. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. ‘शनिवारी मारुतीला माळ कशाची घालायची आता?’ एवढंच त्या म्हणाल्या. ‘बाजारात मिळते,’ मी म्हटलं, आणि रुईच्याच जागी हळदीकुंकवाची रोपं लावली. भिंतीजवळ काय होतं आणि मी काय काढून टाकलं, हे कळायला मला चार वर्षं लागली.

आमची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या जमिनीत मी खोल खड्डा घेतला, त्यात भरपूर शेणखत घातलं आणि वर आळं केलं. मिरचीच्या शेतात आम्ही सरी-वरंबे का काढतो, हे लग्न झाल्यापासून बघत आले होते; बागेत आल्यावर तेवढंच विसरले. ऑगस्टमध्ये आठ दिवस झड लागली. आळ्यात पाणी साचलं, पानं पिवळी पडायला लागली. पिवळं पान म्हणजे खत कमी, असं धरून मी आणखी खत घातलं. तीन रोपं गेली. उपटून पाहिली तर मुळं काळी पडली होती आणि त्यांना कुजका वास येत होता. चौथं तेवढं उंचवट्यावर होतं, ते जगलं. त्याच्या फांद्या लावून पुढच्या वर्षी मी आणखी रोपं केली. या वेळी वाफा हातभर उंच केला आणि मातीत तापीची वाळू मिसळली. त्यानंतर कुजून एकही रोप गेलं नाही.

2017 च्या ऑक्टोबरपर्यंत पाच झाडं भरात आली होती. फुलपाखरं येत होती. त्यातलं एक तर रोजचंच झालं होतं. नारिंगी रंग, पंखांच्या टोकाला काळ्यावर पांढरे ठिपके, सावकाश उडणारं. त्याला मराठीत ‘बिबळ्या कडवा’ म्हणतात, हे मला पुढे कळलं. कडवा म्हणजे खरोखरच कडू. रुईच्या कुळातल्या झाडांचं विष अळी पानातून अंगात साठवते आणि पंख आल्यावरही ते टिकतं. एकदा चोच मारून पस्तावलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. म्हणूनच ते असं निवांत उडतं. छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी तर हुबेहूब याचंच रूप घेऊन वावरते, कारण या रंगाची भीती तिलाही राखते.

यातलं मला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. मला दिसत होता तो मावा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळेजर्द किडे, काळ्या पायांचे, एकाला एक लागून, देठ दिसू नये इतके दाट. आणि पानांवर अळ्या, पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या, पाठीवर काळ्या दोऱ्यांसारख्या शिंगांच्या तीन जोड्या. पानं कडेने कुरतडलेली. कापूस आणि मिरचीच्या घरात मावा दिसला की बाई असो की पुरुष, हात आपोआप पंपाकडे जातो. ओसरीत इमिडाक्लोप्रिडची अर्धी बाटली होती. बादलीत झाकणभर ओतलं, ना माप ना हिशेब, आणि पाचही झाडं निथळेपर्यंत फवारली.

संध्याकाळी पाहिलं तर वाफ्यात अळ्या पडल्या होत्या. काही अंग आक्रसून निपचित पडल्या होत्या, काही मागच्या पायांनी देठाला लोंबकळत होत्या. मी मोजल्या, अकरा. थोडं वाईट वाटलं, पण झाडं वाचली याचं समाधान त्याहून मोठं होतं. दुसऱ्या दिवशी नळीने पाणी मारून पानं धुतली. आता सगळं स्वच्छ झालं, असं वाटलं.

चार दिवसांनी बिबळ्या कडव्याची मादी पुन्हा आली. शेपटीचं टोक वाकवून पानाच्या खालच्या बाजूला एक अंडं घालायची आणि पुढच्या पानावर जायची. या वेळी मी एका पानाला लाल दोरा बांधला आणि रोज बघायला लागले. अंडं खसखशीच्या दाण्यासारखं, पांढरट, उभ्या रेघांचं. चौथ्या सकाळी त्याचं टोक काळं दिसलं, आणि दुपारी शाळेतून आले तेव्हा अळी बाहेर होती, तिळाहून बारीक, काळ्या डोक्याची. आधी तिने आपल्याच अंड्याचं टरफल खाल्लं. मग पानावर सरकली आणि पान खरवडायला लागली. चष्मा काढून, नाक पानाला लागेल इतक्या जवळून मी बघत होते. थोड्या वेळाने तिचं डोकं मागेपुढे हलायला लागलं. अंग वळलं, ताठ झालं, पुन्हा वळलं. संध्याकाळी ती पानावर होती, पण मेलेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पानावर तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

रात्री मी यजमानांना विचारलं. पंचवीस वर्षं फवारणी केलेला माणूस. त्यांना उत्तर शोधावं लागलं नाही. ‘ते आंतरप्रवाही आहे ना,’ ते म्हणाले. ‘पाण्याने धुऊन कसं जाईल? झाडाच्या रसात भिनतं. पानात, देठात, फुलात, सगळीकडे.’ म्हणजे ज्या फुलांवर फुलपाखरं मधासाठी बसत होती, त्या मधातही ते असणार. फुलपाखरांना मी घरी बोलावलं होतं आणि त्यांच्या ताटात विष वाढून ठेवलं होतं. फवारणी एका दिवसाची होती, पण पुढचे कित्येक आठवडे त्या झाडावर घातलेलं प्रत्येक अंडं वाया जात राहिलं. मी पाचही झाडांचे घोस कापून टाकले आणि झाडांवर जुनी मच्छरदाणी टाकली, निदान नवी अंडी तरी कुणी घालू नये म्हणून. ती मच्छरदाणी मी जानेवारीपर्यंत काढली नाही.

आता मावा दिसला की मी दोनच गोष्टी करते. फार झाला तर ओल्या बोटांनी शेंडा पुसून काढते, आधी पानाखाली अंडं नाही ना हे बघून. आणि नाहीतर थांबते. आठ-दहा दिवसांत ढालकिडे येतात, त्यांच्या करड्या अळ्या माव्यावर तुटून पडतात आणि शेंडा आपोआप मोकळा होतो. हा मावा हळदीकुंकवाचा रस पितो, पण सहसा झाड मारत नाही. मला सहन होत नव्हतं ते शेंड्याचं कुरूप दिसणं.

2018 मध्ये माझी बदली धडगाव तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावी झाली. सातपुड्याच्या या भागातला हिवाळा खाली तापीकाठी कळत नाही. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास आहे, आणि अक्कलकुव्याच्या बाजूला डाबच्या परिसरात दव गोठल्याच्या बातम्या थंडीत येत असतात. तेव्हा मी त्या नुसत्या वाचून सोडल्या होत्या. नंदुरबारहून फांद्या नेऊन शाळेच्या अंगणात पाच रोपं केली. दिवाळीपर्यंत ती मस्त फुलली. मुलांनी पानाखालची अंडी शोधायचा खेळच मांडला होता.

डिसेंबरच्या शेवटी एका पहाटे गवत पांढरं दिसलं. मीठ भुरभुरल्यासारखं. ऊन आल्यावर ते विरघळलं आणि माझी झाडं उकडलेल्या भाजीसारखी लोळायला लागली. दोन दिवसांत खोडं काळी पडली. मेलेलं झाड अंगणात कशाला ठेवायचं, म्हणून तिसऱ्या दिवशी मी चार रोपं उपटून टाकली. पाचव्याकडे वळले तेव्हा सहावीतला, पावरा समाजातला एक मुलगा शेजारी बसला. त्याने खोडाच्या अगदी तळाशी, मातीला लागून, नखाने साल खरवडली. ‘बाई, हे आतून हिरवं हाय.’ मग उपटलेल्या एकाचं मूळ त्याने मोडून दाखवलं. आत पांढरं, रसरशीत होतं आणि चीक टपकत होता.

थंडीत पानांतलं आणि खोडातलं पाणी गोठतं, पेशी फुटतात आणि वरचा भाग जळतो. मातीने मात दिवसाची ऊब धरून ठेवलेली असते, त्यामुळे मूळ वाचतं. हे मी विज्ञानाच्या तासाला शिकवू शकले असते. तो मुलगा आंब्याच्या रोपांना पळसाची पानं आणि गवत टाकून थंडीतून काढणाऱ्या घरातला होता. त्याने त्या पाचव्या रोपाच्या बुंध्याशी भाताचा पेंढा रचला. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथून तीन धुमारे फुटले. उपटलेली चार मी पुन्हा लावून पाहिली होती; त्यांतलं एकही लागलं नाही.

पुढच्या वर्षीची चूक वाचनातून आली. अमेरिकेत मोनार्क फुलपाखरासाठी हेच झाड लावतात. तिथल्या दक्षिणेकडच्या उबदार राज्यांत ते हिवाळाभर हिरवं राहतं आणि त्याच्या पानांवर मोनार्कला अपंग करणारा एक सूक्ष्म परजीवी साचत जातो. म्हणून शरद ऋतूत झाड बुंध्यापासून छाटा, असं तिथले जाणकार सांगतात. हे वाचून मी 2019 च्या ऑक्टोबरमध्ये, सुट्टीला नंदुरबारला आले तेव्हा, सगळी झाडं वीतभर ठेवून छाटली. सल्ला बरोबर होता, पण तो तिथल्या फुलपाखरासाठी, तिथल्या ऋतूसाठी. आमच्याकडे पाऊस संपून हिवाळा लागेपर्यंतचे दिवस म्हणजे बिबळ्या कडव्याचा भर. छाटलेल्या फांद्यांच्या ढिगात मला सात अळ्या आणि तीन कोष सापडले.

त्याच छाटणीत चिकाचा हात घाम पुसताना डोळ्याला लागला. आधी आग झाली आणि रात्रीपर्यंत डोळ्यासमोर धुकं आलं. रुईच्या कुळातला चीक बुबुळाच्या आतल्या थराला इजा करतो, हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. नजर पूर्ववत व्हायला आठ दिवस लागले. तेव्हापासून हातमोजे घातल्याशिवाय मी या झाडाला हात लावत नाही, आणि लहान मुलांना तर लावूच देत नाही.

ते तीन कोष वाचवावेत म्हणून मी देठासकट घरात आणले आणि लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवले. झाकणाला भोकं पाडली. कोष फार देखणा असतो. फिका हिरवा, घंटेसारखा लोंबणारा, वर सोनेरी ठिपक्यांची ओळ. आठव्या दिवशी त्याचं कवच पारदर्शक झालं आणि आतले नारिंगी पंख दिसायला लागले. पहिलं फुलपाखरू पहाटे निघालं. ओलं, फुगलेल्या पोटाचं, पंख चुरगळलेल्या कागदासारखे. त्याला कशाला तरी धरून उलटं लोंबायचं होतं. लोंबल्याशिवाय पंखात रस उतरत नाही आणि पंख उलगडत नाहीत. ते बरणीच्या भिंतीवर चढायचं आणि घसरून तळाशी पडायचं, पुन्हा चढायचं. मी चहा ठेवायला आत गेले होते. परत आले तेव्हा पंख होते तसेच चुरगळलेले वाळले होते. मग मी त्याला फांदीवर ठेवलं, पण वेळ निघून गेली होती. दोन दिवस मी त्याला फुलाजवळ धरून मध पाजत राहिले. तिसऱ्या दिवशी ते गेलं. उरलेल्या दोन कोषांचे देठ मी त्याच दिवशी दोऱ्याने जाईच्या वेलाला बांधले होते. ती दोन्ही उडाली.

2020 च्या मे महिन्यात शाळा बंद होत्या आणि आम्ही सगळे घरात. नंदुरबारचा मे म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. दोन वेळा पाणी घालूनही हळदीकुंकवाची पानं दुपारी लोळत होती. आणि भिंतीच्या पायातून, जिथून मी चार वर्षांपूर्वी रुई खणून काढली होती, तिथून रुईचाच जाड, पांढुरका धुमारा वर आला होता. मूळ खोल राहून गेलं होतं. त्या उन्हात त्याची पानं ताठ होती. सासूबाईंनी मला हाक मारली आणि एक पान उलटं करून दाखवलं. खाली अंडं होतं, पांढरट, उभ्या रेघांचं. शेजारच्या पानावर पट्ट्यापट्ट्यांची अळी.

‘माळेसाठी पानं तोडताना या कायम दिसायच्या,’ त्या म्हणाल्या. ‘अळी असली की ते पान आम्ही सोडून द्यायचो.’

मी तिथेच बसले. बिबळ्या कडवा इथला जुना रहिवासी. हळदीकुंकू साता समुद्रापलीकडून इथे यायच्या कितीतरी आधीपासून तो रुईवर वाढत आला आहे. वर्षातल्या सगळ्यात कठीण महिन्यांत त्याला ताठ पान देणारं झाड मी शोभेसाठी काढून टाकलं होतं, आणि ज्या माऊलीला अळी असलेलं पान सोडायचं हे शाळेत न जाता ठाऊक होतं, तिला मी कधी काही विचारलंच नव्हतं.

आज आमच्या अंगणात दोन्ही आहेत. रुई अळ्यांसाठी, हळदीकुंकू मुख्यतः फुलांतल्या मधासाठी. कुंपणाकडेचा खुळखुळा वाळला तरी मी काढत नाही. बिबळ्या कडव्याचे नर त्या वाळक्या फांद्यांवर बसून, सोंडेने त्यातली अल्कलॉइडं शोषतात आणि मादीला भुलवणारा गंध त्यातून तयार करतात. हळदीकुंकवाच्या शेंगा फुटण्याआधी दोऱ्याने बांधते. त्यांतल्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडून पाटाच्या कडेला रुजायला लागल्या होत्या, आणि बाहेरून आणलेलं झाड मोकाट सुटू नये ही जबाबदारी आणणारीची असते. बकऱ्यांपासूनही ते जपावं लागतं, कारण चीक विषारी आहे. आणि कुणाला रोप द्यायचं झालं, तर आधी विचारते, ‘घरात कुठली फवारणी चालते?’ उत्तर ऐकून कधी रोप देते, कधी नाही.

या नोव्हेंबरात एक अळी रुईवरून उतरली, अंगण ओलांडून गेली आणि फाटकाच्या वरच्या बिजागरीला कोष करून बसली. फाटक पूर्ण उघडलं तर तो चिरडणार. माझा हात एकदा पुढे झाला, अलगद सोडवून सुरक्षित जागी बांधावा म्हणून. मग मागे घेतला. फाटकाला निम्म्यावर वीट लावली. दूधवाल्याला सांगितलं, सायकल बाहेर ठेव. यजमान मोटारसायकल नऊ दिवस शेजाऱ्यांच्या अंगणात लावत होते.

दहाव्या सकाळी मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले होते. कवच फुटलं. ते बाहेर आलं, बिजागरीच्या गंजलेल्या खिळ्याला धरून उलटं लोंबलं, आणि तासाभरात पंख पूर्ण उलगडले. उन्हं अंगणात आल्यावर ते उडालं, आधी हळदीकुंकवावर, मग भिंतीपलीकडे. सासूबाईंनी वीट काढली आणि फाटक उघडलं.